न आलेल्यांची वही

किल्ला बघायला म्हणून वसईला गेले आणि किल्ल्यात जेमतेम तासभर थांबले. बाकीचे तीन दिवस एका वहीच्या मागे फिरण्यात गेले.

मैत्रीण कॉलेजातली. तिचं माहेर पापडीच्या पलीकडे, केळीच्या बागांच्या मधोमध. "ऑक्टोबरातल्या पहिल्या शुक्रवाराला धरून ये, पप्पांबरोबर फिरशील," एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. गुरुवारी संध्याकाळी विरार लोकलमधून वसई रोडला धडपणे उतरले, ही या प्रवासातली पहिली कमाई. स्टेशनाबाहेर इमारतींची दाटी. रिक्षा पश्चिमेच्या गावांकडे वळली तशी ती विरळ होत गेली आणि कुंपणांवरून जास्वंद डोकावायला लागली. वाटेत दोन बावखलं लागली. शेतीला गोडं पाणी मिळावं म्हणून पूर्वजांनी खणलेली ही तळी. पाऊस नुकताच सरत आला होता, त्यामुळे दोन्ही काठोकाठ भरलेली.

घरी पोचते तोवर आळीत जपमाळ सुरू व्हायची वेळ झाली होती. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मरियामातेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि ज्या घरी मुक्काम, तिथे सगळी आळी जमते. अंगणात सतरंज्या, पुढे मुलं, मागे खुर्च्यांवर म्हातारी माणसं, सगळ्यात मागे मोबाइल खिशात टाकावा की नाही या विचारातले तरुण. मैत्रिणीची आजी लाल लुगडं नेसून माझ्या शेजारी बसली होती. प्रार्थना सुरू झाली तशी ती पुटपुटली, "आमच्या वेळी गुरुवारी आनंदाची रहस्यं असायची. आता ही प्रकाशाची आणली." जपमाळ म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातल्या ज्या प्रसंगांचं मनन करतात, ती रहस्यं. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही नवी पाच रहस्यं जपमाळेत आणली आणि गुरुवार त्यांना दिला. त्याला वीस वर्षं उलटून गेली, पण आजीच्या लेखी तो बदल अजून कच्चाच. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना; ती लॅटिन जाऊन मराठी आली ती मात्र तिला लगेच आवडली होती. "तोवर आम्ही उत्तरं द्यायचो, पण कशाची ते देवालाच ठाऊक."

प्रार्थना संपल्यावर सगळे उठले, चणे वाटले गेले, हसणंखिदळणं सुरू झालं. मैत्रिणीचे वडील मात्र फाटकाजवळ उभे राहून एका छोट्या वहीत काहीतरी लिहीत होते. मी त्यांना काका म्हणते. मला वाटलं, आलेल्यांची नावं घेत असतील. "आलेले दिसतातच की," काका म्हणाले. "न आलेले लिहून ठेवावे लागतात."

काका बँकेतून निवृत्त झालेले. इथल्या कॅथॉलिक बँकेचा जन्मही धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या पॅरिशच्या, कामातूनच झाला. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवायला 1918 साली मोन्सेन्योर मोनिस या धर्मगुरूंनी पतपेढी काढली, तिची पुढे बँक झाली. मला चर्च म्हटलं की घंटा, मेणबत्त्या आणि नाताळ एवढंच आठवायचं. कर्जाचे हप्ते, मधुमेहाच्या गोळ्या, भाड्याची थकबाकी हे सगळंही त्याच आवारात येऊन पडतं, ते या तीन दिवसांत कळलं.

शुक्रवारी सकाळी साहाय्यक धर्मगुरू आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, द्यायला निघाले. त्यांच्या गळ्यात छोटी कापडी पिशवी आणि तिच्यात झाकणाची गोल सोनेरी डबी. डबी बरोबर असताना वाटेत गप्पा मारायच्या नाहीत, असा रिवाज. त्यामुळे एरवी बडबडे असलेले हे तरुण फादर रस्त्यात नुसती मान हलवून पुढे जात होते आणि लोकही वाटेतून बाजूला होत होते. प्रत्येक घरात तयारी तीच: स्टुलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, पाण्याचा पेला. एका घरी पंखा चालू होता आणि मेणबत्ती सारखी विझत होती. पंखा बंद केला की आजोबांना घाम फुटायचा. शेवटी सुनेने ज्योतीपुढे हाताचा आडोसा धरला आणि प्रार्थना संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. चटका बसत असणार, पण तिने हात हलवला नाही.

दुपारी काकांची पाळी. काका संत विन्सेंट द पॉल सोसायटीचे सभासद. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केलेली ही संस्था आज जगभर धर्मग्रामांमध्ये काम करते. तिचे नियम मला फार आवडले. गरजूच्या घरी एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. कुणाला काय दिलं ते बाहेर बोलायचं नाही. मदत मागणाऱ्याचा धर्म विचारायचा नाही. आणि सभेत एक पिशवी फिरते, तिच्यात प्रत्येकाने मूठ मिटून हात घालायचा. कुणी पाचशे टाकले, कुणी नुसताच हात घालून काढला, कुणाला कळत नाही. म्हणजे मदत देणाऱ्यांमध्ये मदतीची गरज असलेला कुणी बसला असेल, तर त्याचीही लाज झाकली जाते.

काकांचे जोडीदार तापाने आडवे, म्हणून मैत्रिणीला नेलं आणि मी शेपूट. जोडीचा नियम मोडून त्रिकूट झालं, याबद्दल काका दिवसभर कुरकुरत होते. पहिल्या घरी एका आजींचा चष्मा मोडला होता. काड्यांना दोरा बांधून त्या वापरत होत्या आणि "दिसतं की" म्हणत होत्या. काकांनी पंचांगाचा कागद पुढे केला, तर आजींनी तारीख सांगितली ती मागच्या महिन्याची. वहीत नोंद: चष्मा, मंगळवार. दुसरं घर नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. केरळातून आलेलं जोडपं. नवऱ्याची नोकरी गेलेली, वर्षभर रविवारी इंग्रजी मिस्साला येऊन मागच्या बाकावरून परत जात होते. कुणाला काही माहीत नव्हतं. काकांना हे लागलं असावं. जिना उतरताना म्हणाले, "आळीतल्या माणसाने पेज नाही खाल्ली तर संध्याकाळपर्यंत कळतं. इथे दार बंद झालं की संपलं." या धर्मग्रामापुढचा खरा प्रश्न मला तरी हाच वाटला. कुपारी आणि वाडवळ या इथल्या समाजांच्या जुन्या आळ्यांची वीण घट्ट आहे. पण 1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यापासून भोवती जे शहर वाढलं, त्यातल्या माणसांची नावं अजून कुठल्या वहीत आलेली नाहीत.

तिसरं घर कौलारू, एकटं. लांबूनच आत रेडिओवर जुनं गाणं ऐकू येत होतं. आम्ही फाटक उघडलं आणि रेडिओ बंद झाला. काकांनी कडी वाजवली. दार उघडलं नाही. मला वाटलं, आता निघायचं. काका मात्र ओट्यावर बसले आणि बंद खिडकीकडे बघत बोलायला लागले. यंदा पाऊस लांबला. विहिरीचं पाणी अजून खारं झालेलं नाही ना? बावखल साफ करायला पोरं रविवारी येणार आहेत, तुझी घमेली लागतील. पाचेक मिनिटं असं बोलून झाल्यावर उठले, लुंगी झटकली आणि म्हणाले, "चल, पुढच्या शुक्रवारी येतो."

बाहेर आल्यावर मी विचारलं, घरात कुणी नसेल तर? काका म्हणाले, "रेडिओ कोणी बंद केला मग?"

त्या माणसाची बायको दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून तो चर्चमध्ये येत नाही. एवढंच मला सांगितलं गेलं, आणि तेही मैत्रिणीने. वहीतलं पान काकांनी मला दाखवलं नाही.

शनिवारी किल्ला पाहिला. 1534 ते 1739 पोर्तुगीजांचा अंमल, मग चिमाजीअप्पा, छप्पर नसलेली चर्चं आणि त्यांच्या भिंतींतून वाढलेले पिंपळ. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि 1862 साली संत ठरले. फोटो पुष्कळ काढले, इथे टाकत नाही. इंटरनेटवर याहून बरे सापडतील.

संध्याकाळी पॅरिश कौन्सिलची सभा होती. मी बाहेर व्हरांड्यात बसले होते. अजेंडा मराठीत वाचला गेला, भांडण सामवेदी या इथल्या बोलीत झालं. शब्द कळले नाहीत, तरी सणाच्या मंडपाला किती आणि औषधांच्या खात्याला किती, एवढा मुद्दा आवाजावरूनही समजत होता. जोरजोरात बोलणारे बहुतेक पुरुष होते. त्याच वेळी हॉलमागे सात-आठ बायका दुसऱ्या दिवशीच्या आरोग्य शिबिरासाठी टेबलं लावत होत्या, आणि त्यांचा आवाज अजिबात नव्हता. हे काही फक्त चर्चमध्येच घडतं असं नाही, पण इथेही घडतं हे लिहायला हवं.

रविवारी सकाळच्या मिस्सानंतर काका दाराशी उभे होते, वही खिशात. बावखलात पोरं गुडघाभर चिखलात उतरली होती. काठावर पाच-सहा घमेली एकात एक रचून ठेवलेली; कुणाची ते मी विचारलं नाही.

दुपारी निघाले. आजीने केळ्यांची एवढी मोठी फणी गळ्यात घातली की रिक्षा मिळेपर्यंत दर पन्नास पावलांवर थांबत गेले. त्या कौलारू घरापाशी आले तेव्हा रेडिओ चालू होता. पिशवी खाली ठेवली, हात झटकले. रेडिओ बंद झाला. आता काय करावं कळेना. खिडकीकडे बघून मी म्हटलं, "ऊन फार आहे आज. मी पुण्याची. चार वाजताची गाडी आहे." मग पिशवी उचलली आणि रिक्षा शोधायला निघाले.