व्हिनेगरने भूक मरते का? मरते थोडी, पण कशी ते ऐका

नवरात्र जवळ आलं की बडोद्यात दोन गोष्टी हमखास, गरब्याच्या पाससाठी मारामारी आणि घराघरात ॲपल सायडर व्हिनेगरच्या बाटल्या. चणिया-चोळी मागच्या वर्षीचीच बसायला पाहिजे असते, वर्षभर फाफडा-जलेबी काही सुटलेली नसते, मग कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर रील टाकतं की रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे घ्या, भूकच लागत नाही, चरबी वितळते, तीन महिन्यांत सहा-आठ किलो उतरतात. आणि मग कमाटीबागेत वॉकला गेलं की दर दुसऱ्या बाकावर हाच विषय. मला सतत कुणी ना कुणी विचारतं कारण मी थोडंफार वाचत असते, तर एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

आमच्या वहिनीचंच बघा. सकाळी चहाच्या आधी ओट्यापाशी उभी राहणार, बाटली गदगदा हलवणार कारण तळाशी कोळ्याच्या जाळ्यासारखं ते 'मदर' बसलेलं असतं, ग्लासात दोन चमचे ओतून वर जेमतेम तेवढंच पाणी, नाक दाबून, डोळे गच्च मिटून एका दमात आत. मग अंगावर शहारा, एक ढेकर, आणि पाच मिनिटांनी विजयी चेहऱ्याने, "बघ, आज नाश्त्याचं नाव पण काढावंसं वाटत नाहीये." अहो वहिनी, वाटणार कसं, मळमळतंय तुम्हाला! हे मी चेष्टेत नाही म्हणत हं. ब्रिटनमधे नेमका हाच प्रश्न घेऊन अभ्यास झाला होता, 2014 मधे छापून आला, त्यात नाश्त्याबरोबर व्हिनेगर घेतल्यावर लोकांची भूक कमी झाली खरी, पण जे पेय चवीला जास्त नकोसं होतं त्यानेच मळमळ जास्त झाली आणि त्यानेच भूक जास्त मेली. म्हणजे भूक 'कंट्रोल' वगैरे होत नाही, पोट ढवळतंय म्हणून खाणं जात नाही. गाडी लागल्यावर पण जेवण जात नाहीच, म्हणून कुणी घाटातून गाडी फिरवत डाएट करत नाही.

आणि ते मदर मदर काय चाललंय, ते म्हणजे आंबवणारे बॅक्टेरिया आणि त्यांनीच तयार केलेलं सेल्युलोज, बाटली खरी आंबवलेली आहे एवढंच त्यातून कळतं. काम जे काही आहे ते ॲसिटिक ॲसिडचं, आणि ते सगळ्याच व्हिनेगरमधे असतं.

पण सगळंच थोतांड आहे असंही नाही, आणि इथेच खरी मजेची गोष्ट आहे जी रीलवाले कधी सांगत नाहीत. 2005 मधे स्वीडनला 12 धडधाकट माणसांना पांढरा ब्रेड खायला दिला, कधी नुसता, कधी व्हिनेगरबरोबर. व्हिनेगरबरोबर खाल्ला तेव्हा रक्तातली साखर कमी चढली, इन्सुलिन कमी आलं, आणि लोकांनी पोट जास्त भरल्यासारखं वाटतंय असंही सांगितलं. कारण असं सांगतात की आंबटामुळे पोटातलं अन्न जरा हळूहळू पुढे सरकतं आणि पिठूळ पदार्थ पचवणारी एन्झाइम्स पण थोडी मंदावतात. आता नीट बघा, व्हिनेगर कशाबरोबर होतं? ब्रेडबरोबर. त्याच घासाला. उपाशीपोटी सकाळी सहाला नाही.

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅरल जॉन्स्टन बाई वर्षानुवर्षं व्हिनेगरवरच काम करतायत, त्यांनी तर वेळेचाच हिशोब लावून बघितला. साधारण दोन छोटे चमचे व्हिनेगर जेवताना घेतलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, पाच तास आधी घेतलं तर तितका फरक पडत नाही. आणि स्टार्चऐवजी, म्हणजे पिठूळ पदार्थाऐवजी, नुसतं ग्लुकोज दिलं तर काहीच होत नाही. म्हणजे वहिनी जे सकाळी सहाला गिळतात त्याचा दुपारच्या वरणभाताशी काही संबंधच लागत नाही, मधल्या वेळात सगळं कधीच पुढे निघून गेलेलं असतं. पोटात भात नाही, पोळी नाही, पाव नाही, तर ते बिचारं ॲसिड अडवणार कुणाला?

हे वाचलं आणि मला आपली सेवउसळ आठवली. आता मी बडोद्याची, मला सगळ्यात सेवउसळच आठवते ते सोडा, पण विचार करा, बशीत पाव, वाटाणे, वर तिखट तरी, मूठभर शेव, आणि बाजूला कांदा नि लिंबू. लिंबावर पण फ्रान्समधे असाच प्रयोग झालाय, ब्रेडबरोबर लिंबाचा रस, आणि त्यातही साखर कमी चढलेली दिसली. म्हणजे ज्या माणसाने पहिल्यांदा पावाशेजारी लिंबाची फोड ठेवली त्याला काही इन्सुलिन माहीत नव्हतं, पण जागा बरोबर निवडली त्याने. तरीवर तरंगणाऱ्या तेलाचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावाचं मात्र लिंबू काही करू शकत नाही, उगाच मला कोट करू नका.

आता वजन. सगळे ज्याचा हवाला देतात तो जपानचा अभ्यास 2009 चा. वजन जास्त असलेल्या लोकांना 12 आठवडे रोज अर्धा लिटर पेय दिलं, कुणाच्या पेयात व्हिनेगर नाही, कुणाच्यात 15 मिली, कुणाच्यात 30 मिली. 15 वाल्यांचं वजन सरासरी साधारण 1.2 किलो उतरलं, 30 वाल्यांचं 1.9. तीन महिन्यांत! आणि पुढचं कुणीच वाचत नाही, व्हिनेगर बंद केल्यावर चार आठवड्यांत वजन परत पहिल्या जागेकडे. शिवाय अभ्यास करणारे मिझकानचे, म्हणजे व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीचेच लोक. त्यांनी खोटं केलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट आकडे इतके लहान आहेत की खरेच वाटतात. पण एक-दोन किलो म्हणजे गरब्याच्या नऊ रात्री नीट नाचल्यावर आणि नंतर रात्री दीडला पावभाजीच्या गाडीवर न गेल्यावर (हे जमतं का कुणाला?) तसेही थोडे हलतातच.

मग ते सहा-आठ किलोवालं कुठून आलं? ते लेबनॉनमधून. 2024 मधे तिकडचा एक अभ्यास आला, 12 ते 25 वयाची 120 मुलंमुली, रोज जेमतेम चमचाभर ते तीन चमचे, आणि 12 आठवड्यांत सहा-आठ किलो गायब. झालं, जगभर बातम्या, रील्स, गमीज (व्हिनेगरच्या चघळायच्या गोळ्या), काय काय. ज्या जर्नलने तो छापला त्यांनीच 2025 मधे मागे घेतला, कारण आकडेमोड पटत नव्हती, मूळ डेटाबद्दल शंका होत्या, ट्रायलची आधी नोंदणीही केलेली नव्हती. मागे घेतल्याची बातमी आमच्या ग्रुपवर अजून आलेली नाही, रील मात्र परवाच पुन्हा आलं.

गमीजचं तर बोलायलाच नको, आंबट लागू नये म्हणून वरून साखर घोळवलेली गोळी साखर कमी व्हावी म्हणून चघळायची.

दातांचं मात्र सिरियसली घ्या. रोज नुसतं ॲसिड दातांवरून नेलं तर इनॅमल झिजतं आणि ते परत येत नाही. वहिनीला आता शिकंजीचा घोट पण झिणझिणतो, ती म्हणते थंडीमुळे, असेल बाबा. घ्यायचंच असेल तर भरपूर पाण्यात घ्या आणि लगेच ब्रश घासत बसू नका, चूळ भरा, ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने. आणि न मिसळता कधीच घेऊ नका, घसा आणि अन्ननलिका भाजल्याच्या केसेस आहेत.

आमच्या आत्याची गोष्ट वेगळी. तिला बरीच वर्षं डायबिटीस, इन्सुलिन चालू, तिनेही शेजारणीचं ऐकून बाटली आणली होती. ती म्हणे, "अगं साखर उतरते ना, मग चांगलंच की." आत्या, उतरते म्हणूनच घोळ आहे. इन्सुलिन किंवा साखर खेचणाऱ्या गोळ्या चालू असताना साखर नको इतकी खाली जाऊ शकते. आणि जुन्या डायबिटीसमधे काहींचं पोट आधीच हळू रिकामं होतं, स्वीडनमधेच अशा 10 टाइप वन पेशंटांवर 2007 मधे बघितलं तर व्हिनेगरने ते अजूनच मंदावलं, मग इन्सुलिन कधी नि किती घ्यायचं याचा मेळच बसत नाही. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम फार खाली जाण्याचा पण प्रश्न असतो. म्हणून तिला म्हणलं आधी डॉक्टरांना विचार, नि विचारायला जाताना बाटली घेऊन जा, कारण "काहीतरी आंबट पाणी घेते" असं सांगितलं तर ते लिंबूपाणी समजतील.

मी स्वतः काय करते? ग्लासातून घेत नाही. कांद्याच्या चकत्या, काकडी, कधी बीट, त्यावर मीठ, मिरची आणि चमचा-दीड चमचा व्हिनेगर, अर्धा तास मुरू देते, आणि दुपारच्या भाताबरोबर खाते. खंडेराव मार्केटमधे छोटे लाल कांदे चांगले मिळतात, ते अख्खेच टाकले तर दोन दिवसांनी मस्त गुलाबी होतात. साधं आंबवलेलं व्हिनेगर घ्या, लेबलवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असेल तर ते नुसतं ॲसिटिक ॲसिड पाण्यात मिसळून केलेलं असतं, ॲसिड तेच पण चव अगदीच बेकार. वजन उतरलं का विचाराल तर नाही, भाताचा दुसरा वाढा कधीकधी राहून जातो, पण तो व्हिनेगरमुळे की ताटात अर्धी जागा काकडीने अडवल्यामुळे, हे मला तरी सांगता येणार नाही.