मावशी, भाची आणि इंग्लंडचे सिंहासन

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या इप्सविच गावात राहायला येऊन आम्हाला सहा वर्षे झाली. ज्या ऑरवेल नदीच्या काठाने मी रोज संध्याकाळी फिरायला जाते, तिच्या मुखाशी १५५३ सालच्या जुलैमध्ये एका राजगादीचा निकाल लागायला हातभार लागला होता, हे मला कळले ते माझ्या मुलीच्या इतिहासाच्या अभ्यासामुळे. ती सध्या सोळा वर्षांची आहे. त्या वादात जिला नऊ दिवस राणी म्हणून बसवण्यात आले, ती लेडी जेन ग्रे साधारण त्याच वयाची होती.

इंग्रजी पुस्तकांत या वादातली जवळपास सगळी माणसे एकमेकांची ‘कझिन’ असतात, त्यामुळे मला सुरुवातीला काहीच उमगेना. शेवटी कागदावर वंशावळ काढून आपल्या पद्धतीने नाती लावली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला तीन राण्यांपासून झालेली तीन मुले : मेरी, एलिझाबेथ आणि एडवर्ड. हेन्रीच्या धाकट्या बहिणीची मुलगी फ्रान्सिस, म्हणजे या तिघांची आतेबहीण, आणि फ्रान्सिसची मुलगी जेन. याचा अर्थ राजा एडवर्ड हा जेनचा मामा आणि मेरी तिची मावशी. मामा भाचीपेक्षाही थोडा लहान होता, आणि मावशी तिच्याहून वीस वर्षांनी मोठी होती.

हेन्रीने मेरी व एलिझाबेथ यांच्या आयांशी झालेली लग्ने रद्दबातल ठरवून दोघींना अनौरस केले होते. मात्र १५४४ च्या कायद्याने संसदेने दोघींना वारसाक्रमात परत घेतले, आधी एडवर्ड, मग मेरी, मग एलिझाबेथ. अनौरसपणाचा शिक्का तसाच ठेवून हक्क तेवढा दिला, आणि पुढचा सगळा घोळ या अर्धवटपणातून निघाला.

एडवर्ड कट्टर प्रोटेस्टंट होता आणि मेरी तितकीच कट्टर कॅथलिक. पंधराव्या वर्षी फुप्फुसाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्यावर त्याने स्वतःच्या हाताने वारसाचा मसुदा लिहिला. तो कागद आजही लंडनमध्ये इनर टेंपलच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. मी त्याचे छायाचित्र कितीतरी वेळ मोठे करून पाहिले. त्याने दोन्ही बहिणींना वगळले आणि फ्रान्सिसला व तिच्या मुलींना होणाऱ्या मुलग्यांकडे गादी जावी असे लिहिले. पण त्या घरात मुलगा एकही नव्हता, आणि राजाजवळ वेळ उरला नव्हता. तेव्हा ‘लेडी जेनचे मुलगे’ या मजकुरातले षष्ठीचे ‘एस’ हे अक्षर खोडून त्याच्या वर दोन लहान शब्द घातले गेले, आणि वाक्य झाले, ‘लेडी जेन आणि तिचे मुलगे’. आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या खुनाबाबत ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा सांगतात, तिची आठवण मला झाल्यावाचून राहिली नाही. ज्या मुलीचे नाव तोवर केवळ आपल्या न जन्मलेल्या मुलग्यांपुरते आले होते, ती त्या खाडाखोडीने राणी झाली.

सरन्यायाधीश एडवर्ड मॉन्टेग्यू यांनी सुरुवातीला याला विरोध केला, कारण संसदेचा कायदा राजाच्या इच्छापत्राने मोडता येत नाही. मात्र त्यांच्यावर दडपण आणले गेले आणि शेवटी शंभरावर मान्यवरांच्या सह्या झाल्या. राज्यकारभार ज्याच्या हातात होता, त्या नॉर्दम्बरलंडच्या ड्यूकने आपला मुलगा गिल्फर्ड याचे लग्न मे महिन्यातच जेनशी लावले होते, म्हणजे सून राणी झाली असती तर सत्ता त्याच्याच घरात राहिली असती. ६ जुलैला एडवर्ड वारला आणि १० जुलैला जेनच्या नावाची द्वाही फिरली. नवऱ्याला राजा करण्यास मात्र तिने ठाम नकार दिला. फार तर ड्यूक करीन, असे तिने सांगितले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने सासरच्या माणसांसमोर एवढे ठाम उभे राहणे मला फार मोलाचे वाटते.

पुढचा भाग आमच्या सफक परगण्यात, म्हणजे इप्सविचच्याच परिसरात घडला. मेरी लंडनला न जाता नॉरफोकमधल्या आपल्या घरी गेली आणि तेथून फ्रॅमलिंगहॅमच्या किल्ल्यात आली. तो किल्ला आमच्या घरापासून मोटारीने पाऊण तासाच्या आत आहे. तेरा बुरूज जोडणाऱ्या तटावरून चालताना सभोवार सपाट शेते आणि खाली पसरलेले तळे दिसते; त्याच परिसरात जुलैमध्ये हजारो माणसे मेरीसाठी जमली होती. त्यांत उमराव थोडे आणि गावोगावचे जमीनदार व साधी माणसे अधिक होती. तिला अडवण्यासाठी किनाऱ्यावर पाठवलेली राजाची जहाजे वादळामुळे ऑरवेलच्या मुखात शिरली आणि तेथे खलाशांनी अधिकाऱ्यांना न जुमानता मेरीची बाजू घेतली. पूर्वी मला मेरी म्हणजे केवळ माणसांना जिवंत जाळणारी राणी वाटत असे, आणि तिच्या काळात सुमारे २८० प्रोटेस्टंट जाळले गेले, हे खरेच आहे. पण तिच्या मागे उभ्या राहिलेल्या या लोकांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. हेन्रीची मुलगी कोण आणि कायदा काय सांगतो, हे त्यांना लंडनच्या सह्यांपेक्षा नीट कळत होते.

१९ जुलैला लंडनमध्येही मेरीच्या नावाची घोषणा झाली. जेनच्या वडिलांनी स्वतःच तिच्या डोक्यावरचे राजछत्र उतरवले, आणि लंडनच्या ज्या टॉवर किल्ल्यात ती राणी म्हणून आली होती, तेथेच ती कैदी झाली. नोव्हेंबरमध्ये तिला मृत्युदंडाची शिक्षा झाली, तरी मेरीने ती अमलात आणली नाही. परंतु १५५४ च्या आरंभी मेरीविरुद्ध टॉमस वायटचे बंड झाले आणि त्यात जेनचे वडील सामील झाले. मावशीने भाचीला त्यानंतर जिवंत ठेवले नाही.

१२ फेब्रुवारीला टॉवरच्या आवारात शिरच्छेदासाठी डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर जेनला मान ठेवायचा ओंडका सापडेना. हात पुढे करून ती विचारू लागली, ‘मी काय करू? कुठे आहे तो?’ शेवटी जवळ उभ्या असलेल्या कोणीतरी तिला हाताला धरून तेथवर नेले.

टॉवरमधल्या ज्या बीचम बुरुजात गिल्फर्डच्या घरच्या, म्हणजे डडली भावांना कोंडले होते, तेथे भिंतीच्या दगडात चार इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत, ‘IANE’, म्हणजे ‘जेन’. गिल्फर्डने ती कोरली असे सांगतात. गेल्या ईस्टरच्या सुट्टीत आम्ही तेथे गेलो, तेव्हा माझी मुलगी त्या दगडासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, ‘आई, तिला कोणी विचारलंच नव्हतं ना?’