मायटर सॉ: बैठक, काटकोन आणि तिरक्या बाजूंची पहिली पेटी

गेल्या नोंदीत कामाच्या टेबलाचा सांगाडा पूर्ण झाल्याचे लिहिले होते. त्या टेबलावर आता २५५ मि.मी. पात्याचा, न सरकणारा कंपाउंड मायटर सॉ (फळी हव्या त्या कोनात आडवी कापणारे यंत्र; त्याचे टेबल फिरते आणि पातेही कलते, पण डोके पुढे-मागे सरकत नाही) चार बोल्टांनी पक्का बसला आहे, त्याचे दोन्ही कोन तपासून झाले आहेत आणि त्यावर कापलेली तिरक्या बाजूंची पहिली पेटी सध्या डिंकाच्या टेपमध्ये गुंडाळलेली आहे. या यंत्राविषयी माझे मत आता बरेचसे ठरले आहे. येथे अचूकपणासाठी करायची कामे आणि सुरक्षिततेसाठी करायची कामे बहुतांशी एकच आहेत, कारण कापताना फळी हलली की कोनही बिघडतो आणि पातेही अडकते. म्हणून मोठ्या किंवा सरकत्या यंत्रासाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी बाजूचे आधार, एक चांगला क्लॅम्प आणि लाकडाचे योग्य पाते यांवर ते खर्च करावेत, असे मी म्हणेन.

वीज आणि जागा यांविषयी थोडक्यात लिहितो. १८०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. त्यामुळे ते १६ अँपिअरच्या सॉकेटवर आणि ‘सी’ प्रकारच्या एम.सी.बी.वर चालवणे बरे. विस्तारासाठी वायर लागलीच, तर ती २.५ चौ. मि.मी. जाडीची असावी आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली असावी. मध्येच वीज गेली तर ट्रिगर सोडायचा, पाते थांबू द्यायचे आणि प्लग काढूनच फळीला हात लावायचा, कारण वीज परत कधी येईल याचा नेम नसतो. आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणून कानांवर संरक्षक हवेत. पुण्यातील सोसायटीत राहत असल्यामुळे दुपारी एक ते चार या वेळेत यंत्राला हात लावायचा नाही हा नियमही मी पाळतो, जरी तो कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नसला तरी.

सर्वाधिक वेळ बाजूच्या आधारांना दिला आणि तो सार्थकी लागला. यंत्राचे स्वतःचे टेबल दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर असते, त्यामुळे चार फुटांची फळी त्यावर ठेवली की तिचे टोक खाली लोंबते आणि ती दाबून धरण्यातच डावा हात गुंततो. मी दोन्ही बाजूंना १८ मि.मी. प्लायची लांबट खोकी करून त्यांची वरची पातळी यंत्राच्या टेबलाशी जुळवली. जुळणी तपासण्यासाठी ॲल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप तिन्हींवर आडवा ठेवला आणि खालून पत्त्याचे पान सरकवून फट शोधली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आधार किंचित खाली राहिले, तर काप वरच्या बाजूने उघडतो आणि पाते मोकळे राहते. आधार वर राहिले, तर फळीची दोन टोके उचललेली राहतात, मध्यभाग खाली दबतो आणि काप पूर्ण होत आला की त्याच्या दोन्ही भिंती पात्यावर मिटतात. चिमटलेले पाते फळीला झटका देते. म्हणून शंका असेल तेव्हा आधार कागदाच्या जाडीइतका खाली ठेवावा, वर कधीही ठेवू नये.

हेच तर्कशास्त्र वाकलेल्या फळीलाही लागू होते. फळीची फुगीर कड फेन्सकडे (फळी टेकवण्याच्या मागच्या उभ्या, सरळ आधाराकडे) ठेवायची, म्हणजे कापाच्या जागी फळी आणि फेन्स यांत पोकळी राहत नाही. खोलगट कड फेन्सकडे ठेवली, तर नेमक्या पात्यापाशी फळी हवेत राहते आणि कापल्याक्षणी दोन्ही तुकडे आत मिटतात. दोरीसारखी पिळलेली फळी मात्र या यंत्रावर घेऊच नये. ती आधी रंध्याने सपाट करावी. गोल काठीसाठी तळाशी व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा आणि क्लॅम्प दोन्ही हवेत, नाहीतर पाते तिला फिरवते.

आपल्याकडे हे यंत्र बहुधा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करणाऱ्यांकडे दिसते आणि त्यासोबत पुष्कळदा त्याच कामाचे, १०० किंवा १२० दातांचे पाते येते. त्याने लाकूड कापले जाते, पण दातांमधील जागा इतकी कमी असते की भुसा बाहेर पडत नाही, पाते तापते आणि सागवानाच्या कापावर काळा पट्टा उमटतो. आडव्या कापासाठी मी ६० दातांचे कार्बाइड पाते घेतले. दातांचा पुढे झुकण्याचा कोन शून्याजवळ किंवा उणे असलेले पातेच या यंत्रासाठी घ्यावे, कारण फार पुढे झुकलेले दात फळीला स्वतःकडे ओढतात. पात्याच्या मध्यछिद्राचे माप २५.४ मि.मी. आहे की ३० मि.मी., हे यंत्राच्या दांड्याशी ताडून पाहावे, आणि पात्यावर छापलेली कमाल गती यंत्राच्या गतीपेक्षा जास्त असल्याची खात्री करावी. मिनिटाला ४८०० फेरे धरले तर २५५ मि.मी. पात्याच्या दाताचे टोक सेकंदाला ६४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरते. पाते बदलताना प्लग काढलेला असावा हे सांगायला नको, परंतु बहुतेक यंत्रांवर मधल्या बोल्टाचे आटे उलटे असतात आणि तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो, हे माहीत नसेल तर बोल्टाचे डोके झिजते.

आता काटकोनाविषयी. बाजारातील साध्या गुण्यावर विसंबण्याऐवजी मी फळी उलटण्याची पद्धत वापरली. १५० मि.मी. रुंदीची, दोन्ही कडा समांतर असलेली फळी शून्यावर कापायची, एक तुकडा पालथा करायचा आणि दोन्ही तुकडे सरळ कडेला टेकवून कापाची तोंडे एकमेकांना भिडवायची. कोन चुकला असेल तर फट दिसते, आणि ती चुकीच्या दुप्पट दिसते, हाच या पद्धतीचा फायदा आहे. एका टोकाला १ मि.मी. फट असेल, तर प्रत्यक्ष चूक १५० मि.मी.मध्ये अर्धा मि.मी., म्हणजे सुमारे ०.१९ अंश आहे. एवढ्याने काय बिघडते असे वाटू शकते. पण फोटोच्या चौकटीला आठ काप लागतात आणि प्रत्येक कापात तीच चूक त्याच दिशेने पडली, तर शेवटच्या कोपऱ्यात दीड अंश साचतो. ४० मि.मी. रुंदीच्या पट्टीवर ती फट १ मि.मी.च्या वर जाते, आणि लांबी (पुट्टी) आणि भुसा एकत्र करून ती बुजवली तरी पॉलिशनंतर दिसतेच. फेन्सचे बोल्ट सैल करून ती किंचित फिरवायची, पुन्हा कापायचे आणि पुन्हा उलटून पाहायचे, एवढाच उपाय आहे. कललेल्या पात्याच्या शून्यासाठीही हीच युक्ती चालते, फक्त तेथे जाड ठोकळा कापून त्याचा अर्धा भाग उलटा करायचा आणि दोन्ही भाग सपाट काचेवर उभे भिडवायचे. चुंबकाचा डिजिटल कोनमापक वापरायचा असेल, तर तो आधी यंत्राच्या टेबलावर शून्य करावा आणि पात्याच्या सपाट भागावर, दातांना न टेकवता लावावा.

प्रत्यक्ष कापताना माझा क्रम ठरलेला आहे. प्लग लावण्यापूर्वी यंत्राचे डोके (मोटर आणि पाते असलेला वरचा भाग) एकदा खाली आणून पाते कोठे उतरते, क्लॅम्प किंवा फेन्सचा वरचा भाग आड येतो का आणि गार्ड (पात्यावरचे संरक्षक आवरण) आपोआप उघडतो व मिटतो का, हे पाहतो. पात्याच्या दोन्ही बाजूंना १५० मि.मी.पर्यंत टेबलावर पेन्सिलीने रेषा आखल्या आहेत आणि त्यांच्या आत हात जात नाही. तुकडा त्याहून लहान असेल, तर तो लांब फळीला जोडलेला असतानाच कापायचा किंवा क्लॅम्पने धरायचा. उजवीकडचे लाकूड डाव्या हाताने, हात आडवा नेऊन धरणे पूर्ण वर्ज्य आहे. पाते पूर्ण गतीला आल्यावरच खाली आणायचे, काप संपल्यावर ट्रिगर सोडायचा आणि पाते थांबेपर्यंत डोके खालीच दाबून ठेवायचे. फिरते पाते वर उचलले, तर सुटलेला लहान तुकडा दातांत अडकून फेन्सकडून उडतो. चष्मा, बंद बूट, आखूड बाह्या हे सारे हवेच, आणि हातमोजे, सैल ओढणी, गळ्यातील साखळी किंवा हातातील बांगड्या कटाक्षाने नकोत. सरकत्या यंत्राचे मालक हेही लक्षात ठेवतील की त्यावर डोके आधी स्वतःकडे ओढून, खाली आणून, मग फेन्सकडे ढकलत कापायचे असते. ओढत कापले तर पाते लाकडावर चढून अंगावर येते.

पेटीकडे वळतो. गॅलरीत कोथिंबीर लावण्यासाठी, बाहेरच्या बाजूला १५ अंशांनी झुकलेल्या चार बाजूंची पेटी करायची होती. लाकूड भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आणलेले जुने सागवान आहे. जुन्या लाकडात मोडके खिळे दडलेले असतात, म्हणून प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवल्याशिवाय ती पात्याखाली घेत नाही. फळ्या १०० मि.मी. रुंद आणि १९ मि.मी. जाड केल्या. न सरकणाऱ्या यंत्राची रुंदी कापण्याची क्षमता मर्यादित असते, त्यामुळे याहून फार उंच पेटी फळी आडवी ठेवून होत नाही.

दोन्ही कोन अंदाजाने लावण्यात अर्थ नाही. बाजूचा जमिनीशी कोन ७५ अंश धरला, तर टेबल फिरवण्याच्या कोनाचा टॅन्जंट हा कोसाइन ७५ आणि टॅन्जंट ४५ यांचा गुणाकार असतो, आणि पाते कलवण्याच्या कोनाचा साइन हा साइन ७५ आणि साइन ४५ यांचा गुणाकार असतो. उत्तरे येतात १४.५ अंश आणि ४३.१ अंश. पेटी सहा बाजूंची असेल, तर ४५ऐवजी ३० घ्यायचे, आठ बाजूंची असेल तर २२.५. छताच्या कडेच्या नक्षीपट्टीसाठी अनेक यंत्रांवर ३१.६ आणि ३३.९ अंशांच्या खुणा असतात, त्याही याच सूत्रातून निघतात. तेथे ७५च्या जागी ५२ असतात.

माझ्या यंत्राचे पाते फक्त डावीकडे कलते, म्हणून दोन्ही टोके आरशातील प्रतिमेसारखी कापण्यासाठी क्रम ठरवावा लागला. पेटीची आतली बाजू वर ठेवायची आणि कामाचा तुकडा पात्याच्या डावीकडे ठेवायचा. पहिले टोक कापून झाले की फळी पालथी न करता टोकाटोकाने फिरवायची, म्हणजे फेन्सला आता दुसरी कड लागते, आणि टेबल तितकेच अंश विरुद्ध बाजूला फिरवायचे. पाते कलते तेव्हा डाव्या बाजूची मोकळी जागा आणखी कमी होते, म्हणून येथे फळी हाताने न धरता क्लॅम्पनेच धरली आणि फेन्सचा वरचा सरकता भाग बाजूला घेतला.

या मांडणीत दोन अडचणी येतात आणि त्यांची आधीच तजवीज केलेली बरी. आतली बाजू वर असल्यामुळे पेटीची दर्शनी बाजू खाली येते, आणि या यंत्रावर लाकडाचे रेषे तुटतात ते नेमके खालच्या बाजूला व फेन्सकडच्या कडेला. त्यासाठी फळीखाली ६ मि.मी. एम.डी.एफ.ची (लाकडाच्या तंतूंचा लगदा दाबून केलेल्या सपाट फळीची) पट्टी ठेवून तीही सोबत कापली आणि कापाच्या रेषेवर कागदी टेप लावली. दुसरी अडचण लांबी सारखी ठेवण्यासाठी लावलेल्या अडवणीची. एरवी भुसा साचू नये म्हणून तिची खालची कड थोडी उचललेली असते, पण तिरके कापलेले टोक तळाशी सुरीसारखे निमुळते असते आणि ते त्या फटीत शिरते. त्यामुळे येथे अडवण एम.डी.एफ.ला पूर्ण टेकलेली ठेवली आणि प्रत्येक कापानंतर ब्रशने भुसा झाडला. अडवण फक्त डावीकडेच होती. उजवीकडचा निकामी तुकडा मोकळाच सुटला पाहिजे, दोन्हीकडून अडवलेला तुकडा पात्यात चिमटतो.

चिकटवण्यापूर्वी सागवानाचे तेल काढण्यासाठी कापाची तोंडे थिनरने पुसली, चारही बाजू दर्शनी अंग वर करून टेपने ओळीने जोडल्या, ओळ उलटी केली, खाचांत पाणी सहन करणारा डिंक भरला आणि पेटी दुमडून बंद केली. चारही कोपरे आतून-बाहेरून मिटले आहेत. तळ बसवताना फळीची कडही १५ अंशांत रंधून घ्यावी लागेल आणि पाणी निघण्यासाठी छिद्रे पाडावी लागतील.

राहिला प्रश्न भुशाचा. यंत्रामागील पिशवीत फार थोडा भुसा जातो, उरलेला पात्यामागे भिंतीवर आदळून खोलीभर पसरतो, आणि सागवानाची बारीक धूळ त्वचेला व श्वसनाला त्रासदायक असते. सध्या एन-९५ मुखपट्टी लावून आणि गॅलरीचे दार बंद करून काम चालू आहे. पुढचा टप्पा म्हणून यंत्रामागे प्लायचे तिरपे खोके करून त्याला व्हॅक्यूमची नळी जोडायची आहे. ४५ अंशांपर्यंत दोन्हीकडे फिरणारे डोके त्यात सामावण्यासाठी खोक्याचे तोंड किती रुंद लागते, याची मापे आधी पुठ्ठ्यावर घेत आहे.