पकड कोणी सुरू करायची? : कबड्डीतून प्रेस शॉपपर्यंत

कबड्डीचं कर्णधारपद आणि प्रेस शॉपमधली (कारखान्यात प्रेसवर पत्रा कापून सुटे भाग बनवणारा विभाग) पाळी सांभाळणं, दोन्ही मी साधारण एकाच काळात शिकलो. दोन्हीकडे एक गोष्ट आधी ठरवून ठेवावी लागते : कोणत्या क्षणी निर्णय कोणाचा. ते ठरलेलं नसेल, तर ऐनवेळी ओरडून काही होत नाही.

आधी बचाव. सात जणांची साखळी : दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या शेजारी दोन इन, मग दोन कव्हर, मध्ये एक. बोनस (बोनस रेषा ओलांडून मिळणारा गुण) घेताना चढाईपटूचा मागचा पाय हवेत असावा लागतो, म्हणजे सगळा भार एका पायावर. घोटा धरायची वेळ तीच, आणि ती कोपऱ्यालाच सगळ्यांत नीट दिसते. म्हणून तिथे पकड सुरू करायचा हक्क कोपऱ्याचा, कर्णधार कुठेही उभा असो. कव्हरने आधीच झेप घेतली की साखळी फुटते, सावरायला दुसरा धावतो, आणि दोघांना शिवून चढाईपटू मध्यरेषा गाठतो. आमचा सराव साधा होता. कोपऱ्याने शेजारच्या इनचा हात दाबला की इन आणि कव्हर जाणार, नाहीतर मागे. रोज पंधरा मिनिटं एवढंच. सुरुवातीला कव्हरचे खेळाडू चिडतात, कारण समोर आलेला गडी सोडावा लागतो. तरी नियम सैल करू नये.

मैदानात तीन जण उरले की हिशेब बदलतो. तेव्हाच्या यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात, त्यामुळे दोन कोपरे आणि एक कव्हर उरतील अशी रचना आधीच ठरलेली हवी. तसंच, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ती तिसरी चढाई कोणाची, हे सामन्याआधी सांगून ठेवावं. टाइमआउट अवघा तीस सेकंदांचा. त्यात एकच सूचना द्यावी; तीन दिल्या तर प्रत्येक जण वेगळी घेऊन परततो.

प्रेसवर हेच. नगाला बर (कापलेल्या कडेला उरलेली धातूची खरखरीत धार) येऊ लागली, तर ती पहिल्यांदा ऑपरेटरला दिसते. लागोपाठ तीन नग खराब आले की प्रेस थांबवायची, कोणाला विचारायचं नाही. पंचाची (पत्रा कापणारं वरचं हत्यार) धार गेली की डाय (त्याखालचा साचा) नीट बसली नाही, हे सेटरने, म्हणजे हे साचे बसवणाऱ्याने, ठरवायचं. तोवर कोणता जॉब लावायचा आणि डिस्पॅचला काय कळवायचं, ते सुपरवायझरचं काम. ही व्यवस्था मोडते ती एकाच ठिकाणी : ऑपरेटरने प्रेस थांबवली आणि सेटरला काहीच दोष सापडला नाही. त्या वेळी उत्पादन बुडालं म्हणून बोललात, तर पुढच्या वेळी तो थांबवणार नाही आणि खराब नगांनी भरलेली बिनच हाती येईल. म्हणून अशा वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, ‘थांबवलंस ते बरं केलंस.’ माझ्या मते सुपरवायझरची खरी परीक्षा हीच.

पाळी बदलताना दहा मिनिटं टेबलाजवळ नाही, प्रेसजवळ घालवावीत. जाणाऱ्या पाळीचा शेवटचा नग तिथेच ठेवायचा. येणाऱ्या ऑपरेटरने आपला पहिला नग त्याच्या शेजारी धरून कडेवरून बोट फिरवायचं आणि चालू करायचं की नाही, ते त्यानेच सांगायचं.