घुबडाने केला मामा

लंडनमधल्या नाण्यांच्या बाजारातून मी अथेन्सचं ‘घुबड’, म्हणजे घुबडाचा छाप असलेलं प्राचीन ग्रीक चांदीचं नाणं, उचललं, तेव्हा स्वतःवरच खूश होतो. इसवी सनापूर्व पाचव्या शतकातलं म्हणे. एका बाजूला देवी अथीना, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी, चिमुकली चंद्रकोर. घरी काट्यावर ठेवलं: १५.३ ग्रॅम. हवं १७.२ च्या आसपास! झीज म्हणावी, तर घुबडाचं पीस न् पीस शाबूत.

मग भिंग काढलं. कडेवरून केसाएवढी रेघ सबंध फिरलेली, म्हणजे दोन साच्यांचा सांधा. खऱ्या नाण्यावरचा छाप ओतीव नसतो, हातोड्याने ठोकलेला असतो. म्हणून कडेला चिरा पडतात, छाप सरकतो, अथीनेच्या शिरस्त्राणाचा तुरा बहुतेकदा चकतीबाहेर जातो. आमच्या बाईंचा तुरा अख्खा! शिवाय गालभर बुडबुड्यांचे खड्डे, देवीला देवी आल्यासारखे.

डोळ्याने तर कहरच केला. पाचव्या शतकातल्या अथीनेचा चेहरा बाजूने, पण डोळा समोरून पाहिल्यासारखा, बदामी. बाजूने काढलेला डोळा चौथ्या शतकातला. इथे नेमका तोच. नकली करणाऱ्याला शतकही धड जुळवता आलं नव्हतं, आणि मी वीस पौंड कमी करून घेतले म्हणून मिशीला पीळ देत घरी आलो होतो.