सी ए टी कॅट, आणि क् ॲ ट् कॅट

आमच्याकडे पहिलीला येणारं बहुतेक पोर ए टू झेड घडाघडा म्हणतं, अंगणवाडीत शिकलेलं असतं, घरी आईने घेतलेलं असतं, पाहुणे आले की म्हणून दाखवलेलंही असतं. पण फळ्यावर तीन अक्षरं लिहून वाच म्हटलं की ते सी, ए, टी म्हणतं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतं, कारण सी ए टी कितीही भरभर म्हटलं तरी त्याचं कॅट होत नाही, सीएटीच होतं! मराठीत असं नसतं ना, म ला म च म्हणतात आणि तो वाजतोही म. म्हणजे अक्षर म्हणजे आवाज ही समज पोराकडे आधीपासून असते, आपण इंग्रजीच्या तासाला ती वापरतच नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. गाणी, संभाषण, सूचना हे सगळं मुलांना छान येतं, मला त्याबद्दल तक्रारच नाही, पण वाचायचं कसं हे कुणीतरी उलगडून सांगायला लागतं आणि त्यासाठी फोनिक्सइतकं, म्हणजे अक्षरांचे आवाज शिकवून ते जोडत वाचायला लावण्याच्या पद्धतीइतकं, सरळ दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही.

आता फोनिक्स म्हटलं की लोकांना ॲक्शनवाली गाणी आठवतात. हल्ली गल्लोगल्ली क्लास निघालेत, फी भरपूर, पोरं हातवारे करून इंग्रजीचे 42 आवाज म्हणून दाखवतात आणि पालक खूश. पण आवाज पाठ होणं हा निम्मा भाग झाला, आवाज जोडता येणं हे खरं काम, आणि नेमकं तिथेच घाई होते. शिवाय बऱ्याच ठिकाणी आवाज शिकवतानाच शेवटी अ चिकटवतात, क, ॲ, ट असं. मग पोर प्रामाणिकपणे जोडतं आणि म्हणतं कॲट, त्याचं काय चुकलं? इथे देवनागरी कामाला येते बघा, आपल्याकडे पाय मोडायची सोय आहे. मी फळ्यावर क् ॲ ट् असंच लिहिते, पाय मोडलाय म्हणजे पुढे अ म्हणायचा नाही हे मुलांना लगेच पटतं. सुरुवात शक्यतो लांबवता येणाऱ्या आवाजांनी करायची, स्, म्, न्. म्ऽऽॲऽऽट् असं एका श्वासात न तोडता म्हणायचं आणि मग पटकन, मॅट. क्, ट्, प् लांबवता येत नाहीत म्हणून ते शब्दाच्या शेवटी आधी घ्यायचे, सुरुवातीला नंतर.

एबीसीडीच्या क्रमाने जायचं कारणच नाही. एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं आधी घेतात ती उगाच नाही, एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, पॅन, टिन, नॅप, टिप, सिट एवढं सगळं वाचता येतं! आपण वाचलं ही भावना पोराला पहिल्या काही आठवड्यातच मिळते. द, वॉज, सेड असले शब्द नियमात बसत नाहीत, ते थोडे थोडे ओळखीने लक्षात ठेवायचे. इंग्लंडमध्ये 2012 पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक तपासणी होते, 40 शब्द वाचायला देतात आणि त्यातले 20 चक्क खोटे असतात, कशालाच अर्थ नसलेले. कारण खोटा शब्द पाठ केलेला असू शकत नाही, तो वाचावाच लागतो. मी पण अधूनमधून मिप, नॅस असलं काहीतरी फळ्यावर लिहिते. चित्राकडे बघून ठोकून देणारं पोर तिथे लगेच कळतं, आणि मुलांना हसू येतं ते वेगळंच.

आणि हे फक्त इंग्रजीचं नाही हो. मराठीतसुद्धा क ते ज्ञ संपल्याशिवाय काना नाही, काना झाल्याशिवाय शब्द नाही, असं कित्येक ठिकाणी अजून चालतं. ङ आणि ञ पहिल्या दहा व्यंजनांतच येतात आणि पहिलीच्या पोराला ते कुठल्या शब्दात भेटणार? त्यापेक्षा म, क, र, न, ल आणि लगेच काना घेतला की मामा, काका, कान, नाक, माळ नाही पण माल, लाल, कमल वाचता येतं. कमल वाचताना पोर आधी क, म, ल असं सुटं म्हणतं, मग शेवटच्या ल मधला अ गाळून कमल् म्हणतं, आणि तो अ गाळायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, बोलीतला शब्द ओळखीचा असतो म्हणून आपोआप जमतं. इंग्रजीत हीच अडचण आहे, मॅट म्हणजे काय हे माहीतच नसेल तर जोडलेला आवाज बरोबर आला की नाही हे ते कशावर तपासणार? म्हणून वाचायला द्यायचे शब्द आधी तोंडी खेळवून घ्यावेत, पॅन हातात द्यावा, मॅटवर बसवावं.

पहिली वेलांटी हा आमच्या वर्गातला दुसरा डोंगर. चिन्ह आधी दिसतं, आवाज नंतर येतो, कि लिहिलेलं पोर डावीकडून वाचायला जातं आणि अडकतं. तिथे बोटाने आधी क दाखवायचा, मग वेलांटी, वेळ लागू द्यायचा.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं म्हटलंय. त्यासाठी आम्हाला तक्त्यांपेक्षा जास्त गरज आहे ती छोट्या छोट्या पुस्तकांची, ज्यात शिकवलेलीच अक्षरं असतील. पाच अक्षरं आणि काना एवढ्यावर आठ पानांची गोष्ट कुणी लिहून देत असेल तर मी माझ्या वर्गात उद्यापासून वापरायला तयार आहे. आणि पालकांनो, घरी स्पेलिंग पाठ करून घेण्याआधी पोराला एकदा आवाज जोडून तो शब्द वाचू द्या, चुकला तरी मध्ये बोलू नका, त्याला परत जोडू द्या.