तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात घर कुठे बघू?

लातूर, उदगीर, अहमदपूरकडच्या कुणाला पुण्यात नोकरी लागली की आठवड्याभरात मला मेसेज येतोच, ताई कुठला एरिया चांगलाय, घर कुठे बघू. दरवेळी फोनवर अर्धा तास बोलते, म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवतेय.

माझा पहिला उलटा प्रश्न असतो, ऑफिस कुठल्या गेटला आहे? पुण्यात, असं उत्तर आलं तर मी पुढे काहीच सांगत नाही, आधी एचआरला मेल करून पत्ता मागवा म्हणते. हिंजवडी, म्हणजे पुण्याच्या पश्चिमेचा आयटी पार्क, म्हटलं तरी त्याच्या फेज १ आणि फेज ३ मधे पाच-सहा किलोमीटर आहेत, आणि ते संध्याकाळी सहाला पाच-सहा किलोमीटर राहत नाहीत. उदगीरच्या एका मुलाने सगळे आयटीवाले वाकडलाच राहतात म्हणून जॉइन व्हायच्या आधीच वाकडला फ्लॅट घेतला, डिपॉझिट भरलं, आणि प्रोजेक्ट मिळाला खराडीला, म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. चार महिने तो रोज अख्खं पुणे आडवं कापत होता.

माझं स्वतःचं सांगते. २०२० ला इंजिनिअरिंग संपलं, लॉकडाऊनमधे जॉइन झाले, दीड वर्ष लातूरच्या घरातूनच काम केलं आणि जून २०२२ मधे ऑफिसने बोलावलं, हिंजवडी फेज ३. मामा कोथरूडला राहतात. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, कोथरूड म्हणजे आपली माणसं, पोळी-भाजी मिळेल, पोरीला रात्री यायला भीती नाही. म्हणून मी तिथेच भाड्याने घर घेतलं. आणि ते सगळं खरंच होतं हो, कोथरूडला मला कधीच परकं वाटलं नाही, मामी दर रविवारी डबा द्यायच्या. पण ऑफिसला जायचं म्हणजे चांदणी चौक, मग हायवे, मग भूमकर चौक, मग हिंजवडीतली लाईन. तेव्हा चांदणी चौकात उड्डाणपुलाचं काम जोरात चालू होतं, २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर जुना पूल पाडला तो तुम्ही टीव्हीवर बघितला असेल, मी त्या पुलाखालून रोज जायचे. सकाळी पावणेदोन तास, संध्याकाळी कधी दोन, पाऊस असला तर हिशोबच नाही. कॅबमधे बसून घरी फोन लावायचे आणि आई विचारायची, अजून रस्त्यातच का ग? तीन महिन्यांत माझं वजन पाच किलोने उतरलं. सोडून जावं तर ॲग्रीमेंटमधे सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तेवढे दिवस घर सोडताच येत नाही, तो मी सही करताना वाचलाच नव्हता.

तेव्हापासून मी एरिया चांगला की वाईट हे बघतच नाही, घर आणि ऑफिसच्या मधे मोठे चौक किती आणि नदी किंवा हायवे ओलांडावा लागतो का, हे बघते. पुण्यात किलोमीटर मोजून काही कळत नाही, चौक मोजा. हिंजवडी असेल तर कासारसाई, मारुंजी, वाकड, ताथवडे या बाजूने विचार करा. खराडी असेल तर खराडी गाव, चंदननगर, वडगाव शेरी, आणि बजेट असेल तर विमाननगर. केशवनगर नकाशावर खराडीला चिकटून दिसतं पण मधे नदी आणि मुंढव्याचा चौक आहे, तिथे स्वस्त भाडं बघून गेलेल्या दोन मुली मला माहितीयेत, दोघींनी अकरा महिने कसेबसे काढले. मगरपट्टा असेल तर हडपसरलाच रहा, आपल्या लोकांना ते सोयीचं पण आहे, लातूरच्या ट्रॅव्हल्स सोलापूर रोडनेच जातात, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर पिशवी घेऊन नाक्यावर उभं राहिलं की झालं. वाकडवरून तीच गाडी पकडली तर पुणे सोडेपर्यंतच दीड-दोन तास जातात.

आणि बघायला रविवारी जाऊ नका. ब्रोकर रविवारीच बोलावतो, रस्ते मोकळे, सोसायटीत शांतता, पोरं खेळतायत, आणि आपण भुलतो. बुधवारी जा. सकाळी साडेआठला त्या गेटपासून रिक्षाने किंवा टू-व्हीलरने ऑफिसपर्यंत खरंच जाऊन बघा, आणि मुलींनो, रात्री साडेनऊला बस स्टॉपपासून गेटपर्यंत एकदा चालून बघा, दिवे आहेत का, दुकानं किती वाजता बंद होतात, कुत्री किती आहेत. एक दिवसाची सुट्टी गेली तरी चालेल. नाहीतर पहिले दोन महिने सरळ पीजीत रहा, माझं मत विचाराल तर हेच सगळ्यात बरं, तेवढ्यात शहर पायाखालचं होतं आणि टीममधली माणसं खरं खरं सांगतात.

आता पाणी. यावर मी जरा जास्तच बोलते, पण आपण लातूरचे आहोत. एप्रिल २०१६ मधे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन घरीच होते, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, अख्खं शहर त्या गाडीबद्दल बोलत होतं. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नसायचं, आईने अंघोळीचं पाणी बादलीत धरून त्यात फरशी पुसलेली मी बघितलीय. त्यामुळे पुण्यात नवीन बिल्डिंगच्या गेटबाहेर सकाळी टँकरची रांग बघितली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. चार धरणांचं शहर, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, आणि इथे पण टँकर? पण धरणातलं पाणी आणि तुमच्या नळातलं पाणी यात महापालिकेची पाईपलाईन असते, आणि ती सगळीकडे सारखी पोचलेली नाही. वाघोलीकडे, हिंजवडी-माणच्या बाजूला कितीतरी सोसायट्या टँकरवरच आहेत, हिंजवडी तर ग्रामपंचायत आहे, महापालिका नाहीच. पिंपरी-चिंचवडमधे, म्हणजे वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागर, २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे, पण सोसायटीची टाकी मोठी असेल तर घरात ते जाणवत पण नाही.

ब्रोकरला पाण्याचं विचारू नका, चोवीस तास आहे असंच सांगणार, टँकरचं पण चोवीस तासच असतं. वॉचमनला विचारा, मे महिन्यात दिवसाला किती टँकर येत होते. बाथरूममधल्या नळाच्या तोंडाकडे बघा, पांढरा थर साचला असेल तर बोअरचं जड पाणी आहे, डाळ शिजत नाही आणि केस जातात. टँकरचा खर्च मेंटेनन्समधे कोण भरणार ते आधी बोलून घ्या.

पाण्याचा दुसरा प्रकार पण विचारा, जास्त पाण्याचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर, सहकारनगरच्या बाजूला भिंती पडल्या, माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. ओढ्याकाठी, नदीकाठी तळमजला स्वस्त मिळत असेल तर का स्वस्त आहे ते शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा.

कागदाचं थोडक्यात. अकरा महिन्यांचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला भाड्याचा करार, रजिस्टर व्हायलाच हवा, महाराष्ट्रात कायदा तसा आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. घरबसल्या ऑनलाईन होतो. लॉक-इन किती, नोटीस किती, डिपॉझिट किती दिवसात परत, पेंटिंगचे पैसे कापणार का, या ओळी सही करायच्या आधी मोठ्याने वाचा. ब्रोकर एक महिन्याचं भाडं घेतो, ते धरूनच बजेट करा.

लॉक-इन संपल्यावर मी वाकडला कस्पटे वस्तीत वन बीएचके घेतला. चौक मधे एकच राहिला, त्यासाठी मी साडेसातला निघते आणि साडेचारला परतते, मॅनेजरशी बोलून तसं करून घेतलं. मामींचा डबा रविवारी मी जाऊन आणते.

तो उदगीरचा मुलगा आता खराडी गावात राहतो. घर बघायला बुधवारी गेला होता, वॉचमनसोबत चहा पिऊन आला आणि मला नळाचा फोटो पाठवला, ताई हा थर चालेल का. मी म्हटलं नको, दुसरं बघ. तिसऱ्या घराचा नळ स्वच्छ निघाला.